सातबारा वाचता येतो, हे कुठे लिहायचे?

लोअर परळच्या एखाद्या काचेच्या इमारतीत सौर प्रकल्पाच्या कर्जाची फाइल उघडते, तेव्हा कंपनी बहुधा परराज्यातली असते, बँक मुंबईची असते आणि पैसा कदाचित सिंगापूरचा असतो. फाइलच्या पोटातले कागद मात्र जिंतूर किंवा सेलू तालुक्यातल्या एखाद्या गावचे निघतात. सातबारा, आठ-अ, फेरफाराच्या नकला, पन्नासच्या दशकातले खासरा पत्रक आणि नशीब जोरावर असेल तर निजामी अमलातला एखादा उर्दू दस्त. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे जाहीर झाल्यापासून आमच्याकडे पारावरसुद्धा भाडेपट्ट्याची भाषा ऐकू येते. बँकेचा प्रश्न एकच असतो, टायटल साफ आहे का? आता ही जमीन मदतमाश इनामाची की खिदमतमाश, कूळ हैदराबाद कुळवहिवाट कायद्याच्या कलम ३८-ई खाली मालक झाले की नाही, पुढे विकताना ५०-ब ची परवानगी घेतली होती का, हे विसाव्या मजल्यावर बसलेल्या हुशार मुलामुलींना ठाऊक असण्याचे काही कारण नाही. मग फर्म परभणीतल्या वकिलाला फोन लावते. वकील आपल्या ज्युनियरला तहसीलच्या अभिलेख कक्षात आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत पिटाळतो. ज्युनियर आठवडाभर धूळ खातो, तीस वर्षांचा सर्च काढतो, सीनियर त्यावर सही करतो आणि ती माहिती मुंबईच्या लेटरहेडवर सुबक इंग्रजीत बँकेपुढे जाते.

त्याच ज्युनियरने विद्यार्थी असताना मुंबईच्या अशाच फर्मांकडे इंटर्नशिपसाठी अर्ज केलेले असतात. एकाचेही उत्तर आलेले नसते.

वकिलीच्या दुनियेतला हा कप्पा कोर्टाची पायरी क्वचितच चढतो. कंपन्यांची खरेदी-विक्री, कर्जाचे करार, शेअर बाजारातल्या नोंदण्या, भागीदारांमधली भांडणे आणि ती होऊ नयेत म्हणून आधीच लिहून ठेवायची शंभर-शंभर पाने. आमच्या बार रूममध्ये या कामाबद्दल दोनच मते आहेत. एक, ‘ती काय वकिली आहे? कारकुनी आहे ती.’ दुसरे, ‘पहिल्या महिन्याचा पगार ऐकलास का?’ दोन्ही मते एकाच माणसाची, एकाच चहाच्या कपात असू शकतात.

तिथे शिरायचा दरवाजा म्हणजे इंटर्नशिप. शिकत असताना फर्ममध्ये महिनाभर काम करायचे, काम पसंत पडले तर फर्म पुन्हा बोलावते आणि शेवटच्या वर्षापर्यंत नोकरीचा प्रस्ताव हातात पडतो. मुले त्याला पीपीओ म्हणतात. उरलेल्या जागा बऱ्याचशा कॅम्पसवर भरतात. हे कॅम्पस कोणते, तर राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे. बंगळुरूचे नॅशनल लॉ स्कूल १९८७ मध्ये स्थापन झाले आणि पाच वर्षांच्या कायदा शिक्षणाला प्रतिष्ठा आली. २००८ पासून या विद्यापीठांसाठी क्लॅट ही सामाईक परीक्षा सुरू झाली. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठे गेल्या दशकात उभी राहिली. म्हणजे परभणीच्या मुलाला असे विद्यापीठ आता रेल्वेने चार तासांवर आहे. पण गावात शिकून, बारावीनंतर क्लॅट नावाची परीक्षा असते हे कळेपर्यंत तिची तारीख उलटलेली असते. मग तो राज्याची सीईटी देतो आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एखाद्या विधी महाविद्यालयात येतो. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत न्यायालयीन कोठडीत मृत्यू पावलेला तरुणही कायद्याचाच विद्यार्थी होता. त्या प्रकरणाने परभणीचा विधी विद्यार्थी राज्यभर माहीत झाला. इथल्या बाकीच्या विद्यार्थ्यांचे रोजचे जगणे मात्र कोणाच्या गावी नाही.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करायची असते, सलग चार आठवड्यांहून जास्त नाही. कुठे करायची याची यादीही नियमात आहे: वकील, न्यायालये, स्वयंसेवी संस्था, कंपन्या, लॉ फर्म, स्थानिक स्वराज्य संस्था. नियम चांगलाच आहे. फक्त ही जागा मिळवून द्यायची जबाबदारी कोणाची, याबद्दल कोणी बोलत नाही. राष्ट्रीय विधी विद्यापीठात त्यासाठी स्वतंत्र समिती असते, माजी विद्यार्थ्यांची साखळी असते, आदल्या वर्षीचा ताई-दादा फर्ममध्ये बसलेला असतो. आमच्याकडे नोटीस बोर्डावर एक कागद असतो: विद्यार्थ्यांनी इंटर्नशिपची प्रमाणपत्रे अमुक तारखेपर्यंत जमा करावीत.

या धंद्यात उमेदवारी ही चीज फार जुनी आहे. मुंबईतली क्रॉफर्ड बेली ही फर्म १८३० ची, लिटल अँड कंपनी १८५६ ची. अमरचंद मंगलदास १९१७ ची. २०१५ मध्ये भावाभावांत तिच्या दोन फर्म झाल्या आणि त्या वाटणीची बातमी एखाद्या घराण्याच्या वाटणीसारखी छापून आली. या फर्मांत शिरायचे तर आर्टिकल्ड क्लार्क म्हणून तीन वर्षे सॉलिसिटरच्या हाताखाली राबायचे आणि बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा द्यायची. ही सोसायटी १८९४ ची. १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पंतप्रधान झालेले बाळासाहेब खेर पेशाने सॉलिसिटर होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या ओरिजिनल साइडवर, म्हणजे थेट तिथेच दाखल होणाऱ्या दाव्यांत, सॉलिसिटरने अशील सांभाळायचे आणि बॅरिस्टरने कोर्टात उभे राहायचे ही दुहेरी पद्धत सत्तरच्या दशकात कायद्याने संपली. परीक्षा मात्र अजून होते आणि मुंबईत अजूनही माणसे अभिमानाने नावापुढे सॉलिसिटर लावतात.

इंग्लंडात एके काळी शिकाऊ कारकून व्हायचे तर सॉलिसिटरलाच रक्कम मोजावी लागे. मुलाचा बाप ती भरत असे. शिकवणाराच पैसे घेई, त्यामुळे दारात कोण उभे राहू शकते हे आपोआप ठरून जाई. आज अशी रक्कम कोणी मागत नाही, उलट काही मोठ्या फर्म इंटर्नला स्टायपेंड देतात. पण ज्या देत नाहीत त्यांच्याकडे महिनाभर काम करायचे तर परभणीचा बाप ती रक्कम भरतोच. फक्त ती फर्मला न जाता अंधेरीच्या पीजी चालवणाऱ्याला, लोकलच्या पासला आणि दुपारच्या वडापावला जाते. पंधरा-वीस हजारांच्या खाली महिना निभत नाही. कोरडवाहू सोयाबीनच्या घरात ही रक्कम कुठून काढायची? मुलगा असेल तर कोणाच्या तरी चिठ्ठीवर आमदार निवासात कोपरा मिळतो. मराठवाड्यातल्या कितीतरी करिअरची सुरुवात त्या जमिनीवरच्या गादीवर झाली आहे. मुलगी असेल तर आधी कल्याण-बदलापूरकडची मावशी शोधावी लागते, मग बापाची समजूत काढावी लागते, आणि फर्ममधले काम रात्री दहाला संपते हे दोघांपासूनही लपवावे लागते.

आता थोडे मागे जातो, कारण या विषयावर लिहिताना ती गोष्ट टाळणे मला शक्य नाही. १९२३ च्या जुलैत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. कोलंबियात आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकलेले, ग्रेज इनचे बॅरिस्टर. सनद घ्यायला हातात पैसे नव्हते. मित्र नवल भथेना मदतीला आले. सनद मिळाली, पण ओरिजिनल साइडवर बॅरिस्टरला काम मिळायचे ते सॉलिसिटरमार्फत, आणि अस्पृश्य बॅरिस्टरला ब्रीफ देण्याची सॉलिसिटरांची तयारी नव्हती. मग मुफसल न्यायालयांतली कामे, गरिबांची कामे. जून १९२५ ते मार्च १९२८ या काळात त्यांनी बाटलीबॉय अकौंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये अर्धवेळ शिकवले. विषय होता मर्कंटाइल लॉ, म्हणजे व्यापारी कायदा. हा तपशील मला दर वेळी थांबवतो. व्यापारी कायदा शिकवण्याची त्यांची पात्रता मुंबईला मान्य होती. एखाद्या व्यापाऱ्याची ब्रीफ त्यांच्या हाती द्यावी, इतकी मान्य नव्हती. १९३५ मध्ये हेच गृहस्थ गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले.

सनदेच्या पैशांचा प्रश्न त्यानंतर शंभर वर्षे रेंगाळला. राज्याराज्यांच्या बार कौन्सिलांनी नोंदणी शुल्काच्या नावाखाली हजारो रुपये घ्यायला सुरुवात केली होती. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार खटल्यात सांगितले, की कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांच्या, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांच्या, वर एक पैसाही घेता येणार नाही. एक दार त्या दिवशी खरोखर रुंद झाले. दुसऱ्या दाराचे, म्हणजे ब्रीफच्या दाराचे, काय? आज फर्मच्या अर्जात जात विचारत नाहीत. शाळा विचारतात, कॉलेज विचारतात, आधीची इंटर्नशिप विचारतात, ओळखीचा कोणी आहे का ते विचारतात. चारही उत्तरे एकाच घरातून येतात, हे फर्मला ठाऊक असते आणि तिचा त्यात काही दुष्ट हेतूही नसतो. हेतू नसल्यामुळेच ते बदलत नाही.

मराठवाड्याने एक दार मात्र भांडून आपल्याकडे आणले. उच्च न्यायालयाचे काम मुंबईला चाले, तेव्हा परभणीच्या अशिलाला अपिलासाठी रात्रभराचा प्रवास होता आणि परभणीच्या वकिलाचे उच्च न्यायालयात काही स्थान नव्हते. मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांच्या आदेशाने २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादला न्यायपीठ बसले. त्याला आव्हान दिले गेले; सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये ते वैध ठरवले. त्यानंतर मराठवाड्यातल्या पोरांनी उच्च न्यायालय कसे वापरले, हे वेगळे सांगायला नको. जिल्ह्याच्या ठिकाणच्या वकिलांची मुले, शेतकऱ्यांची मुले तिथे उभी राहिली, काही खंडपीठावर बसली. बीडचे न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर तर निवृत्तीनंतर साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदापर्यंत गेले. कोर्ट जवळ आले तेव्हा गुणवत्ता कुठून तरी आयात करावी लागली नाही, ती इथेच होती. पण खंडपीठाबरोबर खटले आले, व्यवहार आले नाहीत. करार मुंबईतच होत राहिले. त्यामुळे आमचा विद्यार्थी खटल्याची वकिली बघत वाढतो आणि कराराची वकिली फक्त ऐकतो.

सोनपेठ तालुक्यातली एक मुलगी गेल्या वर्षी माझ्याकडे सीव्ही घेऊन आली. जिल्हा न्यायालयाच्या आवारात झाडाखाली उभ्या-उभ्याच तिने तो पुढे केला.

‘सर, जरा बघता का? चाळीस ठिकाणी टाकला, एकाचाबी मेल आला नाही.’

चाळीस फर्मांचे पत्ते एकाच मेलमध्ये एकाखाली एक घातले होते. आदरणीय महोदय, मी आपल्या नामांकित फर्ममध्ये इंटर्नशिप करू इच्छिते. सोबतचा सीव्ही झेरॉक्सच्या दुकानात मिळतो त्या साच्यातला. वर फोटो. खाली ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ नावाचा उतारा, जो मी त्याच आठवड्यात दुसऱ्या एका मुलाच्या सीव्हीत शब्दशः वाचला होता. मग वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती. छंद: वाचन, संगीत ऐकणे. दहावी, बारावी, सहा सत्रांचे टक्के. शेवटी ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे’, ठिकाण परभणी, सही. मुंबईत जो माणूस दिवसाला असे शे-दोनशे अर्ज चाळतो, त्याने हा मिटला तर मी त्याला दोष देणार नाही.

‘अगं, यात तू काय केलंस ते कुठं आहे?’

‘काय केलं म्हंजे? मी तर कॉलेजच करायले, सर.’

‘आणि कॉलेज सुटल्यावर?’

‘मामांकडं बसते. मामा बँकेच्या पॅनलवर हायत ना. त्यांचे सर्च करून देते.’

म्हणजे दोन वर्षे ही मुलगी गंगाखेड आणि सोनपेठच्या जमिनींचे सर्च काढत होती. दुय्यम निबंधकाकडे जाऊन सूची क्रमांक दोन उतरवून घ्यायची, फेरफारांची साखळी लावायची, मधली कडी तुटली असेल तर ती का तुटली हे शोधायचे. वारस नोंद कोणत्या फेरफाराने झाली, बहिणींची नावे कोणत्या वर्षी गळाली, इतर हक्कात सोसायटीचा बोजा अजून का दिसतो, भोगवटादार वर्ग दोनची जमीन वर्ग एक कधी झाली. मुंबईच्या फर्ममध्ये याच कामाला टायटल ड्यू डिलिजन्स म्हणतात आणि त्याचे तासावर बिल लावतात. तिच्या सीव्हीत त्याचा उल्लेखच नव्हता. साच्यात तसा रकाना नव्हता, आणि मामांकडे बसणे ही काय सांगायची गोष्ट आहे?

मग त्याच कागदाच्या पाठीवर आम्ही दुसरा सीव्ही लिहिला. फोटो गेला, धर्म गेला, छंद गेले, ऑब्जेक्टिव्हची तर आधी चिंधी केली. पहिल्याच ओळीत काम आले: कृषी कर्जांसाठी दोन तालुक्यांतील शेतजमिनींचे तीस वर्षांचे टायटल सर्च, खासरा पत्रक, फेरफार व नोंदणीकृत दस्त वाचून मालकीचा कालक्रम तयार केला, कुळवहिवाट व इनाम जमिनींतील परवानग्यांची तपासणी केली, मराठी दस्तांचा इंग्रजी गोषवारा लिहिला. सोबत नमुना म्हणून एका सर्चचा दोन पानी गोषवारा, गावाची आणि माणसांची नावे काढून. आणि कव्हर लेटर चाळीस जणांना एक नाही. पाच जणांना पाच. प्रत्येकात त्या फर्मचे जमिनीशी किंवा प्रकल्पकर्जाशी संबंधित काम कोणते, ते कोण बघतो, आणि आपण तिथे नेमक्या कशाला उपयोगी पडू, एवढेच. शेवटी तारखा. कोणत्या महिन्यात मोकळे आहोत ते न लिहिता किती जण अर्ज करतात याला सुमार नाही.

पाचातून दोन उत्तरे आली, त्यातला एक नकार. दुसऱ्या ठिकाणी, एका मध्यम फर्ममध्ये, तिला महिना मिळाला. बसायला कॉन्फरन्स रूमच्या बाहेरचे टेबल, स्टायपेंड नाही, आणि सुरुवातीचे दहा दिवस नुसती पाने जुळवण्याचे काम. अकराव्या दिवशी कोणाला तरी एक जुना फेरफार वाचता येईना. त्यानंतरचे दिवस बरे गेले. फर्मने पुन्हा बोलावले नाही. ती सध्या परभणीतच आहे, न्यायाधीश पदाच्या परीक्षेचा अभ्यास करते आहे. गोष्टीचा शेवट गोड व्हावा म्हणून मी त्यात काही घालणार नाही.

इंग्रजीचे काय, हा प्रश्न इथे येणारच. १९९८ पासून आपल्या जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, आणि ते योग्यच आहे. पण कराराची भाषा इंग्रजी आहे आणि ती बदलण्याची चिन्हे नाहीत. ‘आमच्या मुलांना इंग्रजी येत नाही’ असा गळा काढण्यात मला रस नाही. करारातले इंग्रजी हे बोलण्याचे इंग्रजी नव्हे. ते फाडफाड बोलता येऊन लिहिता येत नाही आणि बोलता न येताही लिहिता येते. त्याची कलमे ठरलेली असतात, वळणे ठरलेली असतात, आणि ती वाचून-वाचून, उतरवून हाताला बसतात. जानेवारी २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निकाल ई-एससीआरवर फुकट मिळतात. ज्या ग्रंथालयासाठी आमच्या पिढीने सीनियरच्या कपाटाच्या किल्ल्या मागितल्या, ते आता मोबाइलमध्ये आहे. वाचणारे किती, हा प्रश्न मात्र मुंबईला विचारण्याचा नाही.

आणि ज्या गोष्टीवर मला खरोखर संताप येतो, ती मुंबईत होत नाही. ती इथे होते. सत्र संपत आले की वकिलांच्या टेबलांभोवती विद्यार्थी गोळा होतात. ‘सदर विद्यार्थ्याने माझ्या कार्यालयात चार आठवडे समाधानकारकरीत्या काम केले’, खाली सही, शिक्का. विद्यार्थी त्या कार्यालयात आयुष्यात एकदाच आलेला असतो: ही सही घ्यायला. वकील उदारपणे सही करतो, कारण पोरगा ओळखीचा असतो आणि नाही कशाला म्हणायचे. महाविद्यालय ती चिकटवून घेते. विद्यापीठाला गुण जातात. वीस आठवड्यांच्या नियमाची आपण अशी वासलात लावली आहे. याचा परिणाम फक्त त्या एका पोरावर होत नाही. मुंबईतल्या फर्मला ही प्रमाणपत्रे कशी मिळतात हे आता पक्के माहीत झाले आहे, त्यामुळे जिने खरोखर दोन वर्षे सर्च काढले तिचे प्रमाणपत्रही त्याच ढिगात जाते. जगात जर्मनी अन् भारतात परभणी असे आपण छाती फुगवून म्हणतो. मग परभणीच्या वकिलाची सही निदान ठाणे-मुंबईपर्यंत तरी खरी मानली जावी, एवढी किंमत आपणच तिला ठेवायला नको का?

ज्याला कमर्शियल कामाची आवड आहे त्याला परभणीत शिकायला काही नाही, हेही मला पटत नाही. २०१५ च्या व्यावसायिक न्यायालय कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली आणि दाव्याची किमान किंमत एक कोटीवरून तीन लाखांवर आली. तीन लाख म्हणजे मानवतच्या जिनिंगवाल्याचा सरकी पुरवठ्याचा वाद. असा दावा तातडीच्या अंतरिम आदेशाची गरज नसेल तर आधी मध्यस्थीला न्यावा लागतो. तिथे बसून दोन व्यापारी कसे तडजोड करतात हे बघणे म्हणजे कराराच्या कायद्याचे अर्धे पुस्तक. शेतकरी उत्पादक कंपन्या गावोगाव निघाल्या आहेत. २००२ मध्ये कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीची तरतूद आली, तेव्हापासून त्या कायद्याने कंपन्याच आहेत: त्यांना संचालक आहेत, वार्षिक सभा आहेत, खरेदीदारांशी करार आहेत. बहुतेकांकडे ते करार वाचणारा माणूस नाही. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने एका उत्पादक कंपनीचे एका हंगामाचे करार वाचून काढले, त्यातली धोक्याची कलमे संचालकांना मराठीत समजावून सांगितली, तर ती कोणत्याही फर्मच्या तोडीची उमेदवारी आहे. अट एकच: ते काम लिहून ठेवायला हवे.

फर्मची बाजूही ऐकली पाहिजे. एका जागेला शेकडो अर्ज येतात. प्रत्येक वाचायला वेळ नसतो. कॉलेजचे नाव ही सोपी चाळणी आहे. मान्य. पण चाळणीची भोके कोणत्या आकाराची ठेवायची हे फर्मच ठरवते. ब्रिटनमधल्या बड्या फर्मांनी २०११ मध्ये सटन ट्रस्टबरोबर प्राइम नावाचा उपक्रम सुरू केला: वंचित घरांतल्या शाळकरी मुलांना फर्ममध्ये कामाचा अनुभव द्यायचा आणि त्यांच्या येण्याजाण्याचा खर्च उचलायचा. २०२१ पासून तिथे सॉलिसिटर होण्याची वाटही बदलली. दोन वर्षांचा अनुभव आता एकाच फर्मच्या ट्रेनिंग काँट्रॅक्टमधून यायला हवा असे नाही, तो चार ठिकाणांपर्यंत विभागून, अगदी विधी साहाय्य केंद्रात काम करूनही धरला जातो. तिथले वर्गभेद त्याने मिटले असे कोणी म्हणत नाही. पण मामांकडे बसणे मोजण्याची एक पट्टी तरी तयार झाली. आपल्याकडे प्रा. शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या आयडिया या उपक्रमाने वंचित घरांतली मुले राष्ट्रीय विधी विद्यापीठांपर्यंत पोचवली. ते काम मोलाचे आहे. पण ते प्रवेशाच्या दाराशी आहे. जो मुलगा सोनपेठहून परभणीच्याच कॉलेजात आला, त्याच्यासाठी तशी शिडी नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने नव्या वकिलांना शहरात दरमहा २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत अशी शिफारस केली. शिफारसच ती, सक्ती नाही. इंटर्नबद्दल तर त्यात काहीच नाही.

मुंबईच्या फर्मांना माझे मागणे लहान आहे. ज्या जिल्ह्यांतून तुम्ही सर्च रिपोर्ट मागवता, त्या जिल्ह्यांतल्या विद्यार्थ्यांसाठी वर्षाला दोन जागा ठेवा, आणि त्या दोघांच्या राहण्याचा खर्च करा. एका रिपोर्टच्या बिलात तो सहज बसेल. परीक्षा घ्यायची असेल तर जरूर घ्या. एक खासरा पत्रक, चार फेरफार आणि एक खरेदीखत समोर ठेवा आणि टायटल साफ आहे का ते विचारा. कॉलेजचे नाव झाकून उत्तरे तपासा.

आणि जे विद्यार्थी हे वाचत असतील त्यांना एक व्यवहारातली गोष्ट. उन्हाळ्याच्या सुटीतल्या इंटर्नशिपच्या जागा बऱ्याच फर्ममध्ये पाच-सहा महिने आधीच भरतात. एप्रिलमध्ये पाठवलेला अर्ज मे महिन्यासाठी कोणी उघडत नाही. तुमचा सीव्ही तयार नसेल तर तो या दिवाळीच्या सुटीतच करा, दाखवायला कोणी नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या बार रूममध्ये या. दुपारच्या जेवणाच्या सुटीत आमच्यापैकी कोणी ना कोणी तिथे असतो.